न्यूमार्केटचे पॅलेस हाउस: राजाची पागा, प्रशिक्षकाचे घर आणि निवृत्त शर्यतीच्या घोड्यांचे बिऱ्हाड

केंब्रिजपासून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, सफोक परगण्याच्या अगदी कडेला न्यूमार्केट हे गाव आहे. शर्यतीच्या घोड्यांशी ज्याचा दुरूनही संबंध आला आहे, त्याला हे नाव नवे नसते. गावात आणि भोवतालच्या परिसरात सुमारे 3,000 घोडे प्रशिक्षणासाठी असतात, आणि भर रस्त्यात त्यांना वाहनांच्या आधी वाट मिळते. रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी सिग्नलचे बटण स्वाराला खोगिरावरून हात लांबवून दाबता येईल एवढ्या उंचीवर बसवलेले आहे. या गावाच्या मुख्य रस्त्यापासून आत वळणाऱ्या पॅलेस स्ट्रीटवर पॅलेस हाउस आणि त्याला जोडलेल्या जुन्या पागा आहेत. इंग्लंडच्या राजाने साडेतीनशे वर्षांपूर्वी उभारलेल्या वाड्याचा उरलेला भाग आणि त्या वाड्याच्या आवारातील शर्यतीच्या घोड्यांच्या पागा, असा हा एकत्र परिसर आज राष्ट्रीय घोडेशर्यत संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला आहे.

जुन्या पागांचे रूपांतर करून बांधलेली घरे, उपाहारगृहे आणि अतिथिगृहे युरोपात पुष्कळ आहेत. त्यातील बहुतेक ठिकाणी घोडा भिंतीवरच्या छायाचित्रापुरता उरलेला असतो. गव्हाणीत फुलझाडे लावलेली असतात आणि खोगीर टांगण्याच्या खुंटीवर पाहुण्यांचे कोट असतात. पॅलेस हाउसचे रूपांतर मला या सर्वांहून वेगळे आणि श्रेष्ठ वाटते, त्याचे कारण एकच आहे. येथे इमारतीचा उपयोग बदलताना घोड्याला बाहेर काढलेले नाही. परिसरातील एका पागेत इतिहासाची दालने झाली, प्रशिक्षकाचे राहते घर लोकांसाठी उघडले गेले, राजाच्या वाड्यात चित्रे लागली. मात्र दुसऱ्या पागेत शर्यतीतून निवृत्त झालेले खरेखुरे घोडे राहतात, खातात, शिकतात आणि तेथून नव्या घरी जातात. हे पाहून परतलेल्या माणसाने या वास्तूविषयी सविस्तर लिहायला हवे, असे मला वाटले.

इतिहासाची सुरुवात जेम्स पहिला या राजापासून होते. तो 1605 मध्ये प्रथम येथे आला. त्याला शिकारीचे वेड होते आणि भोवतालची विस्तीर्ण, खडूच्या थरावर पसरलेली गवताळ माळजमीन त्यासाठी उत्तम होती. त्याने येथे राजनिवास उभारला; इनिगो जोन्ससारख्या वास्तुविशारदाने त्यातील काही भागांचे आराखडे केले. पुढे यादवी युद्ध झाले, चार्ल्स पहिल्याचा शिरच्छेद झाला आणि प्रजासत्ताकाच्या काळात या राजनिवासाची पार दुर्दशा झाली. 1660 मध्ये चार्ल्स दुसरा गादीवर आला, तेव्हा त्याला न्यूमार्केटला राहण्याजोगी जागा उरली नव्हती. त्याने 1668 मध्ये मुख्य रस्त्यालगतची मालमत्ता विकत घेतली आणि विल्यम सॅमवेल या वास्तुविशारदाकडून 1671 पर्यंत नवा वाडा बांधून घेतला. त्या काळच्या दरबारी माणसांना हा वाडा राजाच्या इतमामाला शोभणारा वाटला नाही. तो गावातल्या घरांना खेटून उभा होता, त्याच्यासमोर ना भव्य बाग होती ना लांबलचक मार्ग. राजाला मात्र नेमके हेच हवे असावे. येथे तो दरबार भरवायला येत नव्हता, घोडे पळवायला येत होता. वर्षातून दोनदा तो आपला सारा लवाजमा घेऊन येई आणि आठवडेच्या आठवडे मुक्काम करी. त्याने सुरू केलेली टाउन प्लेट ही शर्यत 1671 मध्ये त्याने स्वतः घोड्यावर बसून जिंकली, आणि ती शर्यत आजही दरवर्षी धावली जाते. त्याच्या आवडत्या घोड्याचे नाव ओल्ड रौली होते. राजालाही लोक त्याच नावाने ओळखू लागले आणि येथील प्रसिद्ध धावपट्टी आजही रौली माइल म्हणूनच ओळखली जाते.

वाड्याच्या उरलेल्या भागात एक गोष्ट अशी आहे की, घोड्यांमध्ये काडीचाही रस नसलेल्या पाहुण्यानेही ती चुकवू नये. ती म्हणजे एक खिडकी. 1990 च्या दशकात या वास्तूच्या दुरुस्तीच्या काळात ती भिंतीत सापडली. वर-खाली सरकणाऱ्या, भिंतीत दडवलेल्या वजनांच्या आणि कप्पीवरून जाणाऱ्या दोरीच्या तोलावर हव्या त्या उंचीवर थांबणाऱ्या खिडक्यांपैकी आज टिकून असलेली, माहीत असलेली ही सर्वांत जुनी खिडकी मानली जाते. पुढच्या दोन-अडीच शतकांत हीच खिडकी इंग्लंडमधल्या घराघरांत पोहोचली आणि इंग्रजांच्या राज्याबरोबर जगभर गेली. चार्ल्सच्या वाड्यातील या खिडकीसमोर उभे राहिले की तिची साधी, जाड लाकडी चौकट आधी नजरेत भरते. तिच्यात नाजूकपणा नाही. सुताराने वजनांसाठी भिंतीत पोकळी कशी ठेवली आणि दोरी कुठून फिरवली हे नीट पाहता येते, आणि एखादी नवी युक्ती प्रथमच करून पाहणाऱ्या कारागिराचा हात त्यात स्पष्ट जाणवतो.

या वाड्याशी जोडलेली एक घटना इंग्लंडच्या राजकीय इतिहासात महत्त्वाची आहे. मार्च 1683 मध्ये न्यूमार्केटला मोठी आग लागली आणि गावाचा बराच भाग जळाला. राजा आणि त्याचा भाऊ जेम्स तेव्हा येथेच मुक्कामाला होते. आगीमुळे त्यांना ठरल्यापेक्षा आधी लंडनला परतावे लागले. त्यांच्या परतीच्या वाटेवर हर्टफर्डशरमधील राय हाउसजवळ दबा धरून दोघांनाही ठार मारण्याचा कट शिजत होता. राजा ठरल्या दिवसाआधीच निघून गेल्यामुळे तो कट फसला आणि पुढे उघडकीस आला. न्यूमार्केटमध्ये एखादी पागा पेटल्यामुळे राजाचा जीव वाचला, असे गावातले लोक सांगतात.

चार्ल्सनंतर वाड्याचे दिवस हळूहळू उतरत गेले. अठराव्या शतकात शर्यतींचा कारभार राजाकडून सरदारांच्या मंडळाकडे, म्हणजे 1750 च्या सुमारास स्थापन झालेल्या जॉकी क्लबकडे गेला. पुढे चौथा जॉर्ज म्हणून राज्य केलेला राजपुत्र येथे घोडे ठेवत असे. पण 1791 मध्ये त्याच्या एस्केप नावाच्या घोड्यावरून वाद उद्भवला. एक दिवस तो घोडा हरला आणि लगेच दुसऱ्या दिवशी, चढ्या भावाने पैसे लागलेले असताना, जिंकला. जॉकी सॅम चिफनीवर संशय घेतला गेला, जॉकी क्लबने राजपुत्राला त्याच्याविषयी समज दिली आणि त्याने रागाने न्यूमार्केटकडे पाठ फिरवली. राजघराण्याचा रस संपल्यावर 1819 मध्ये वाड्याचा मोठा भाग पाडला गेला. आज आपण पाहतो ते पॅलेस हाउस म्हणजे त्या वाड्याचा एक कोपरा आहे. येथे माझ्या मनात भरलेली गोष्ट अशी की, राजाचा महाल विटाविटांनी नाहीसा होत असताना त्याच्या बाजूची पागा टिकून राहिली, कारण घोड्यांना जागा लागतच होती.

1857 मध्ये ही मालमत्ता बॅरन मेयर द रॉथशिल्ड यांच्याकडे आली आणि खऱ्या अर्थाने प्रशिक्षकाचे युग सुरू झाले. ज्या आवारात राजाचा मुक्काम असे, तेथे आता घोड्यांचा प्रशिक्षक राहू लागला. जोसेफ हेहो हा त्यांचा प्रशिक्षक. 1871 हे वर्ष इंग्रज शर्यतशौकिनांनी बॅरनचे वर्ष म्हणूनच लक्षात ठेवले आहे. त्या एका वर्षात त्यांच्या फॅव्होनियसने डर्बी जिंकली आणि त्यांच्या मुलीच्या नावाच्या हॅना या घोडीने वन थाउजंड गिनीज, ओक्स आणि सेंट लेजर या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या. त्यांच्यानंतर पुतण्या लिओपोल्ड द रॉथशिल्ड यांनी पागा वाढवली. आज रॉथशिल्ड यार्ड म्हणून ओळखला जाणारा, विटांचा प्रशस्त चौक ही त्यांच्याच काळाची देणगी आहे. 1904 साली त्यांच्या सेंट अमांने विजांच्या कडकडाटात आणि धो धो पावसात डर्बी जिंकली. त्या वेळी प्रशिक्षक होता आल्फ्रेड हेहो. एकाच घराण्यातील प्रशिक्षकांनी एकाच घराण्याच्या मालकांसाठी, एकाच पागेतून एवढी वर्षे घोडे तयार करावेत, हे सातत्य आजच्या शर्यतीच्या व्यवसायात क्वचितच आढळते.

पागेचा शेवटचा नामांकित प्रशिक्षक ब्रूस हॉब्स होता. 1938 मध्ये अवघ्या सतराव्या वर्षी बॅटलशिप नावाच्या छोट्या घोड्यावर बसून त्याने ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची प्रसिद्ध शर्यत जिंकली होती आणि ती जिंकणारा सर्वांत तरुण जॉकी म्हणून त्याचे नाव झाले होते. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने याच आवारातून टिर्नाव्होसला 1980 च्या आयरिश डर्बीचा मानकरी केले. 1985 मध्ये हॉब्स निवृत्त झाला आणि घोडे गेले. त्यानंतर तीन दशके या पागांची अवस्था वाईट होती. छपरे गळू लागली, लाकूड कुजू लागले आणि गावाच्या ऐन मध्यावर, इंग्लंडच्या शर्यतीच्या परंपरेच्या मानाच्या केंद्रात, ओसाड आवार पडून राहिले. न्यूमार्केटचे शर्यत संग्रहालय 1983 पासून मुख्य रस्त्यावर वेगळ्या इमारतीत होते. ते येथे आणावे, त्याला ब्रिटिश क्रीडाचित्रांच्या संग्रहाची जोड द्यावी आणि पागेत पुन्हा घोडे आणावेत, अशी योजना आकाराला आली आणि नोव्हेंबर 2016 मध्ये राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या हस्ते या परिसराचे उद्घाटन झाले. त्या स्वतः आयुष्यभर घोड्यांच्या मालक आणि जाणकार होत्या, त्यामुळे ते उद्घाटन केवळ औपचारिक नव्हते.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळतो. प्रवेशानंतर पाहुणा ज्या भागात येतो त्याला किंग्ज यार्ड म्हणतात. अंगणाभोवती खोल्या आहेत आणि त्यांतच इतिहासाची दालने मांडली आहेत. वास्तुविशारदांनी येथे घेतलेला एक निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. भिंती पाडून एकच मोठे सभागृह करण्याचा मोह त्यांनी टाळला आणि पागेची मूळ मांडणी ओळखू येईल अशी ठेवली. परिणामी पाहुणा एका लहान जागेतून दुसऱ्या लहान जागेत जातो, प्रत्येक ठिकाणी एकेका विषयावर लक्ष एकाग्र होते आणि घोड्याला एका खोलीत किती जागा मिळत असे याचा अंदाज शरीराला आपोआप येतो. गर्दीच्या दिवशी मात्र याच रचनेमुळे काही खोल्यांत दाटी होण्याची शक्यता आहे, हे व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दालनांत शर्यतीच्या वंशवेलीची कथा येते. आजचा प्रत्येक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीचा घोडा नराच्या बाजूने बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट अनेकांना ऐकून माहीत असते. पण ती वंशावळ टप्प्याटप्प्याने समोर उलगडते तेव्हा अरबस्तान आणि तुर्कस्तानच्या वाळवंटी घोड्यांचे रक्त इंग्लंडच्या थंड, ओल्या माळावर कसे रुजले हे नीट कळते. याच संदर्भात हायपेरियनचा सांगाडा मी सर्वांत जास्त वेळ पाहिला. 1933 मध्ये डर्बी आणि सेंट लेजर जिंकणारा हा घोडा उंचीने इतका लहान होता की शिंगरू असताना त्याला पाळावे की नाही याबद्दल शंका होती, असे सांगतात. शर्यतीच्या वयात त्याची खांद्यापाशी उंची दीड मीटरहून थोडीशीच अधिक होती. सांगाड्यासमोर उभे राहून त्याच्या खांद्याच्या हाडाचा कल आणि मागच्या पायांच्या सांध्यांचे कोन पाहिले म्हणजे लहान घोड्याची ढांग लांब कशी पडत असेल, हे चित्रापेक्षा किंवा पुतळ्यापेक्षा लवकर समजते. त्याचा पुतळा मुख्य रस्त्यावर जॉकी क्लबसमोर आहे. शक्य असल्यास आधी पुतळा आणि मग सांगाडा पाहावा.

फ्रेड आर्चरचे पिस्तूल ज्या काचपेटीत आहे तिच्यासमोर उभे राहणे जड जाते. आर्चर तेरा वेळा इंग्लंडचा अव्वल जॉकी ठरला, त्याने 2,748 शर्यती जिंकल्या आणि पाच वेळा डर्बी मारली. तो उंच होता, पावणेसहा फुटांहून थोडा अधिक, आणि त्या उंचीच्या माणसाला शर्यतीचे वजन राखण्यासाठी वर्षानुवर्षे उपास, जुलाब आणि वाफेचे स्नान यांवर जगावे लागले. 1884 मध्ये बाळंतपणात त्याची पत्नी गेली. दोन वर्षांनी, आजारपणात, तापाच्या भरात त्याने याच पिस्तुलाने स्वतःला संपवले. त्याचे वय केवळ 29 वर्षांचे होते. संग्रहालयाने ही वस्तू सनसनाटीपणे मांडलेली नाही, आणि जॉकीच्या शरीरावर या खेळाने काय लादले त्याच्या संदर्भात ती ठेवली आहे, ही बाब मी मनापासून मानतो. लहान मुलांना सोबत नेणाऱ्यांनी या दालनात त्यांच्याबरोबर राहावे. मुलांचा खरा आनंद यांत्रिक घोड्यावर बसून शर्यतीचा अनुभव घेण्यात असतो. मोठ्यांनीही तो एकदा घ्यावा, म्हणजे जॉकी मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या ताकदीवर रिकिबीत किती अवघडलेल्या स्थितीत तोलून राहतो याची कल्पना येते.

माझ्या दृष्टीने या परिसराचा गाभा रॉथशिल्ड यार्डात आहे. येथे शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांना नव्या आयुष्यासाठी घडवणाऱ्या, 2000 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश शर्यतविश्वाच्या अधिकृत धर्मादाय संस्थेचे काम पाहायला मिळते. शर्यतीच्या घोड्याची कारकीर्द बहुधा चौथ्या ते सातव्या वर्षाच्या आसपास संपते, आणि नीट काळजी घेतली तर तो पंचवीस वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे त्याचे उरलेले आयुष्य धावण्याच्या वयाच्या कितीतरी पट असते. या काळात त्याचे काय होते हा प्रश्न जगातल्या प्रत्येक शर्यतीच्या केंद्राला चुकत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी त्याची उत्तरे सांगण्यासारखी नसतात. न्यूमार्केटने तो प्रश्न आपल्या सर्वांत मानाच्या आवारात, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आणून ठेवला आहे.

येथील प्रात्यक्षिकाच्या वेळी घोड्याला शिकवण्याचे काम जवळून पाहता येते आणि तेथेच लक्षात येते की, शर्यतीच्या घोड्याला नवे काही शिकवण्याआधी जुने बरेच काही विसरायला लावावे लागते. उदाहरणार्थ, शर्यतीचा घोडा उभा राहून स्वाराला पाठीवर घेत नाही. तो चालतच असतो आणि कोणीतरी जॉकीचा पाय धरून त्याला वर उचलून देते. सामान्य स्वार पायरीवर उभा राहून रिकिबीत पाय टाकतो. त्यासाठी घोड्याने निश्चल उभे राहायला शिकले पाहिजे, आणि आयुष्यभर ज्याच्या अंगात पुढे निघण्याची घाई भिनली आहे त्याला निश्चल उभे राहणे हीच सर्वांत अवघड परीक्षा असते. दुसरी गोष्ट लगामाची. साधा घोडा लगाम खेचला की वेग कमी करतो. शर्यतीच्या घोड्याला मात्र लगामातल्या ताणाचा आधार घेऊन पुढे झेपावण्याची सवय असते, म्हणून स्वार जितका घाबरून ओढतो तितका तो अधिक जोरात निघतो. तिसरी गोष्ट एकटेपणाची. तो नेहमी दुसऱ्या घोड्यांच्या रांगेत चालला, धावला आणि फिरला. एकट्याने मैदानात जाण्याची वेळ आली की तो बावरतो. याशिवाय त्याच्या चंदीत बदल करावा लागतो, कारण शर्यतीसाठी दिलेला ओट्सचा भरपूर खुराक मैदानात शांतपणे फिरणाऱ्या घोड्याला मानवत नाही. घोडा आधी काही आठवडे किंवा महिने मोकळ्या कुरणात सोडला जातो आणि मगच त्याचे खरे शिक्षण सुरू होते.

प्रात्यक्षिकात एका उंच, तांबूस घोड्याला पायरीजवळ उभे करण्याचे काम चालले होते. शिकवणारी मोतद्दार स्वारीला चढण्याची घाई अजिबात करत नव्हती. ती पायरीवर उभी राहून नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवी. घोडा पाऊल पुढे टाकी, की ती खाली उतरे, त्याला गोल फिरवून पुन्हा त्याच जागी आणून उभे करी. त्याचे कान मागे-पुढे हलत होते, मानेवरची कातडी अधूनमधून थरथरत होती, आणि तिच्या हाताच्या वजनाखाली ती थरथर हळूहळू कमी होत गेली. शेवटी ती पोटावर त्याच्या पाठीवर आडवी टेकली, तो जागेवरून हलला नाही, आणि तेवढ्यावर त्या दिवसाचा धडा संपला. प्रेक्षकांपैकी काहींना प्रत्यक्ष स्वारी पाहायला मिळाली नाही म्हणून चुटपूट लागली असेल. पण घोड्याला जे जमले तेथेच थांबायचे, हे तत्त्व जपणाऱ्या शिक्षणाची किंमत त्यातच होती. या मैदानाला प्रसिद्ध शर्यत-समालोचक पीटर ओ’सलेव्हन यांचे नाव दिले आहे, आणि आयुष्यभर शर्यतीच्या वेगाला शब्द देणाऱ्या माणसाच्या नावाच्या मैदानात घोडे थांबायला शिकतात, हा योग मला फार समर्पक वाटला.

पॅलेस हाउसमधील चित्रदालनांविषयी थोडक्यात सांगतो. जॉन वूटन, जॉर्ज स्टब्स आणि आल्फ्रेड मनिंग्ज या घोड्यांच्या चित्रकारांची परंपरा येथे समजून घेता येते. स्टब्सने घोड्यांची प्रेते स्वतः विच्छेदून शरीररचनेचा जो अभ्यास केला, तो त्याने 1766 मध्ये कोरीव चित्रांच्या ग्रंथरूपात प्रसिद्ध केला. हायपेरियनचा सांगाडा पाहून येथे आल्यास त्या अभ्यासाचे मोल अधिक पटते. मनिंग्जच्या चित्रांत शर्यतीची सुरुवात होण्याआधीचा प्रकाश आणि चुळबुळ असते, आणि मला ती वूटनच्या भव्य पण ताठ घोड्यांपेक्षा जवळची वाटली. शिकारीच्या मोठ्या चित्रांपाशी मी फार थांबलो नाही.

मराठी वाचकाला न्यूमार्केट परके वाटू नये अशी एक जागा गावाबाहेर, वॉरन हिलच्या उतारावर आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील वॉरन प्लेस ही पागा आणि घर विकत घेतले आणि प्रशिक्षक सॅम आर्मस्ट्राँग यांच्याकडे घोडे ठेवले. 1945 मध्ये त्यांनी एका वर्षाच्या शिंगरासाठी 28,000 गिनी ही त्या वेळची विक्रमी किंमत मोजली. त्या वर्षीच्या डर्बी-विजेत्या दान्तेचा तो सख्खा भाऊ होता. महाराजांनी आपल्या आजोबांच्या नावावरून त्याचे नाव सयाजीराव ठेवले. सयाजीरावाने 1947 मध्ये आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकली, आणि पुढच्या वर्षी महाराजांच्या माय बाबूने टू थाउजंड गिनीज जिंकली. मराठी राजघराण्यातील थोर पुरुषाचे नाव इंग्लंडच्या सर्वांत जुन्या मानाच्या शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत कायमचे कोरलेले आहे. वॉरन प्लेस पुढे नोएल मर्लेस आणि नंतर हेन्री सेसिल यांच्याकडे गेली, आणि 14 शर्यतींत अपराजित राहिलेला फ्रँकेल तेथेच घडला. पुण्यात येरवड्याला 1892 मध्ये वाडा बांधणारे आणि मुंबईत वाढलेले तिसरे आगाखान यांचे 1935 आणि 1936 चे डर्बी-विजेते, बहराम आणि महमूद, हेदेखील न्यूमार्केटमधूनच फ्रँक बटर्स यांच्या हाताखाली तयार झाले. त्यांतील बहरामने तर टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकून अपराजित निवृत्ती घेतली. इंग्लंडच्या शर्यतविश्वात हिंदुस्थानातून आलेल्या मालकांनी किती पैसा, हौस आणि ईर्षा ओतली, त्याची कथा संग्रहालयाने स्वतंत्र दालनात मांडावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दुसरी सूचना मोतद्दारांविषयी आहे. मालक, प्रशिक्षक आणि जॉकी यांच्या कहाण्या कोणतेही शर्यत संग्रहालय सांगतेच. पण पहाटे उठून खरारा करणारा, शेण काढणारा, घोडा आजारी पडला तर रात्रभर त्याच्या खोलीबाहेर बसणारा माणूसच पागेचा खरा रहिवासी असतो. 1975 मध्ये न्यूमार्केटच्या मोतद्दारांनी पगारवाढीसाठी संप केला होता आणि गिनीजच्या शर्यतींच्या काळात धावपट्टीवर जाऊन बसले होते. या आवारात, जेथे शतकानुशतके त्यांच्याच वर्गाची माणसे राबली, तो अध्याय मोठ्या अक्षरांत असायला हवा. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या जमिनीच्या भवितव्यावर जी चर्चा होत आली आहे, तिच्यात जुन्या पागांचा आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या मोतद्दार कुटुंबांचा विचार कोणी करणार असेल, तर त्याने न्यूमार्केटचे हे आवार आधी पाहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जाण्याच्या व्यवस्थेबद्दल: लंडनहून रेल्वेने केंब्रिजला आणि तेथे गाडी बदलून न्यूमार्केटला पोहोचता येते, स्थानकापासून पॅलेस स्ट्रीट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. घोड्यांचे प्रात्यक्षिक रोज आणि दिवसभर नसते, त्यामुळे तिकीट घेण्याआधी त्या दिवसाचे वेळापत्रक जरूर पाहावे, आणि प्रात्यक्षिकाची वेळ मध्यात येईल अशा बेताने बाकीची दालने आखावीत. किमान अर्धा दिवस हाताशी असावा; दोन तासांत उरकायचे असेल तर चित्रदालने सोडावीत, पण रॉथशिल्ड यार्ड, खिडकी आणि हायपेरियन सोडू नयेत. सकाळी लवकर गावात पोहोचलात तर आधी, घोड्यांचा सराव चालतो त्या वॉरन हिलवर जावे. सराव पहाटे सुरू होतो आणि ऐन सकाळ सरली की घोडे आपापल्या पागांकडे परततात, त्यामुळे तो आटोपून चालत पॅलेस हाउसला आलात तरी संग्रहालयाला पुरेसा वेळ देता येतो.